डोळ्यांची आखणी

उम्म अल-कुवैनच्या बाहेर, खारट वाळूत,
नऊ आठवड्यांत रोम उभं केलं आम्ही.
थर्माकोलचा गाभा, वर काथ्या, वर प्लास्टर.
खांबाला टिचकी मारली की आवाज रिकाम्या डब्याचा.
मी बापट कॅम्पातला कुंभार. गणपतीत हयात गेली घराची.
अर्जात लिहिलं होतं : मूर्तिकाम, एकवीस वर्षं.
मुकादम म्हणाला, सोंड नाही, एवढाच फरक.

फरक निघाला डोळ्यांत.

आमच्यात डोळे शेवटी.
शेला, दागिने, नखं, सगळं झालं की
वडील दार लोटून घ्यायचे, श्वास धरायचे
आणि बारीक कुंचल्यानं एकदाच, हात न उचलता.
त्यानंतर त्या मूर्तीसमोर कुणी विडी ओढत नसे.

इथं हुकूम : सगळं पांढरं.
बुबुळं नकोत, ओठांना रंग नको.
सिल्व्हाना नावाच्या बाई होत्या, इतिहासाच्या सल्लागार.
पाण्याच्या टाकीमागच्या सावलीत एकदा म्हणाल्या,
खरं तर रंगवलेल्या असायच्या या.
लाल ओठ, निळे झगे, पापणीचा केस न् केस.
रंग उन्हापावसानं गेला, आणि लोकांना वाटलं
रोम जन्मालाच आलं असं, चुन्यासारखं.
मग सांगा की त्यांना.
सांगितलं. ते म्हणतात, रंगवलं तर रोम कुणी ओळखणार नाही.

माझ्या खोलीतला इस्माईल परकार, खेडचा, गुलामांत भरती झाला.
पठाण झाले रानटी टोळीवाले, मल्याळी वल्ही मारायला.
सिनेटर तेवढे विमानानं आले,
घोटीव इंग्रजीत भांडले, आणि वातानुकूलित तंबूत गेले.
परकारला काम एकच : साखळीत चालायचं, पडायचं.
सोळा वेळा पडला.
सोळाव्यांदा भोवळ येऊन, खरंच.
तोच घेतला त्यांनी.

कुंपणापलीकडे एक खरं गाव आहे, वाळूखाली.
तिथं रोमच्या काचेचे तुकडे निघाले, बाई सांगत होत्या,
इथं गलबतं टेकायची, पुढं तुमच्याकडं निघालेली.
मला टाउन हॉल आठवला, चौथीची सहल :
ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला, वीतभर,
काशाचा परका समुद्रदेव.
तो तिकडून पंचगंगेला. मी पंचगंगेवरून इथं.
दोघंही पोटापाण्यासाठीच, बहुतेक.

सिनेमा वर्षानं लागला. अजमानला गेलो, शेवटचा खेळ.
पडद्यावर सगळं संगमरवरी. धूर, ढोल, घोडे.
परकारचा फक्त पाय दिसला,
तरी त्यानं शिट्टी मारली.
मी मागची रांग शोधत होतो, उजवीकडून तिसरी.
कॅमेऱ्यानं ती पुसट केली होती.

तिथं एक देवी होती, हातात धान्याची पेंढी.
चित्रीकरणाच्या आदल्या रात्री मी तिचे डोळे उघडले.
का, ते विचारू नका. कुंचला धुवून ठेवलेला होता,
वारा पडला होता, आणि ती माझ्याकडं बघत नव्हती.

पुढं रोम पाडलं. गुरूचं डोकं एका मंदी हॉटेलवाल्यानं नेलं,
खांब भरावात गेले.
पण डोळे उघडलेली मूर्ती कचऱ्यात टाकता येत नाही.
परकारला हे समजावून सांगावं लागलं नाही.
त्यानं कुणाची तरी पिकअप आणली,
पाय त्यानं धरले, डोकं मी.
गुडघाभर, मग कमरेइतकं कोमट पाणी.
मोरया म्हणावं तर ती मोरया नव्हे.
परकार नुसतं म्हणाला, जा बाये.

सोडली.
आणि गाभा थर्माकोलचा, ती बुडेचना.
दाबली की वर. पुन्हा दाबली, पुन्हा वर.
शेवटी आम्ही हसायला लागलो, खारट पाणी तोंडात,
आणि ती उताणी, संथ, उघड्या डोळ्यांनी
ओहोटीबरोबर खाडीबाहेर गेली.